आगबोटी कां उलटतात ?

खानदेशांतल्या माणसाची समुद्राशीं पहिली ओळख बहुधा भूगोलाच्या पुस्तकांतच होते. शिंदखेड्याची बुराई नदी वर्षाचा मोठा काळ कोरडी असते. तालुक्याच्या उत्तर अंगानें तापी वाहते खरी, पण तिला समुद्र भेटतो तो पार सुरतेच्या पलीकडे. मुडावदच्या संगमावर होडी पाहिलेलीं माणसें पुष्कळ. आगबोटींत पाय ठेवलेलीं थोडीं. अलीकडे मात्र हें चित्र पालटूं लागलें आहे. सुटींत मुंबईला गेलेलें कुटुंब गेटवे ऑफ इंडियापासून बोटीनें घारापुरीचीं लेणीं पाहावयास जातें, मांडव्यावरून अलिबागेस जातें, आणि ऐपत असलेलीं कांहीं कुटुंबें मुंबई बंदरांतून निघणाऱ्या विहार-नौकेवर, म्हणजे ज्या जहाजाला आज सर्वत्र ‘क्रूझ’ म्हणतात त्यावर, दोन-तीन रात्री काढून येतात.

मोटारीचा किंवा आगगाडीचा प्रवास करणाऱ्याला त्या वाहनाच्या धोक्याची अंधुक तरी कल्पना असते. जहाजाच्या बाबतींत ती जवळजवळ नसतेच. विचारलें तर वादळ, खडक आणि बर्फाचा डोंगर एवढीं तीन नांवें तो सांगेल. त्यांतलें तिसरें अर्थात् चित्रपटांत शिकलेलें. परंतु जहाजांच्या अपघातांच्या चौकशींतून जें बाहेर आलें आहे तें वाचूं लागलें म्हणजे एक निराळाच शत्रू पुन्हां पुन्हां पुढें येतो. तो बाहेर समुद्रांत नसून जहाजाच्या पोटांत असतो. तो म्हणजे जागा सोडून हलणारें वजन. हें वजन कधीं मालाचें असतें, कधीं आंत शिरलेल्या पाण्याचें, तर कधीं खुद्द उतारूंचें.

महाराष्ट्राला याचें सर्वांत भयंकर प्रत्यंतर आलें तें ता. १७ जुलै १९४७ रोजीं. स्वातंत्र्याचा दिवस अवघ्या चार आठवड्यांवर येऊन ठेपला होता. गुरुवार होता, आषाढाची अमावास्या होती. गटारीच्या निमित्तानें आपापल्या गांवीं निघालेले कामगार, लहान व्यापारी, बायकामुलें असे सातशेंहून अधिक लोक घेऊन ‘रामदास’ ही आगबोट सकाळीं आठच्या सुमारास मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाण्यासाठीं सुटली. प्रवास तासा-दीड तासाचा. लोकांच्या अंगवळणीं पडलेला. एस.टी.च्या गाडींत बसतांना जितका विचार करावा तितकाच या बोटींत बसतांना करण्याची तेव्हां वहिवाट होती.

बोट कांहीं मोडकळीस आलेली नव्हती. १९३६ सालीं ब्रिटनमध्यें बांधून आणलेली, दोन मजली, जवळजवळ एकशेंऐंशीं फूट लांबीची ती बोट होती. ती ज्या कंपनीची, तिचें कागदोपत्रीं नांव लांबलचक इंग्रजी; पण कोकणांत ती ‘माझी आगबोट कंपनी’ या नांवानेंच ओळखली जाई. किनाऱ्यावरच्या परक्या कंपनीच्या मक्तेदारीला तोंड द्यावें म्हणून स्वदेशीच्या भावनेनें लोकांनीं ती उभी केली होती, आणि बोटींना संतांचीं नांवें देण्याची तिची रीत होती. नांव श्रद्धेचें असलें तरी समुद्र त्याचा मुलाहिजा ठेवीत नाहीं, हें या कंपनीला पूर्वीच कळून चुकलें होतें. ता. ११ नोव्हेंबर १९२७ रोजीं ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन आगबोटी एकाच दिवशीं वादळांत बुडाल्या होत्या.

‘रामदास’ बंदराबाहेर पडली तेव्हां पाऊस लागला होता आणि वारा वाढत होता. काशाचा खडक म्हणून जें ठिकाण आहे त्याच्या आसपास ती आली असतां एक मोठी लाट तिच्यावर आदळली व बोट एका अंगाला कलली. आंत पाणी आलें. घाबरलेले लोक एका बाजूनें दुसऱ्या बाजूला धांवले. तेवढ्यांत पुढची लाट आली, आणि बोट जी आडवी झाली ती पुन्हां उभी राहिली नाहीं. हें सारें कांहीं मिनिटांत घडलें. सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. जे वांचले ते पोहून, फळीला धरून, किंवा रेवसकडच्या कोळी बांधवांच्या मचव्यांनीं उचलून घेतले म्हणून वांचले. बोटीवर बिनतारी संदेशाचें यंत्र नव्हतें. त्यामुळें एवढा अनर्थ मुंबईपासून हांकेच्या अंतरावर होऊनही शहराला त्याची खबर लागेपर्यंत दुपार उलटून गेली होती. पोहत किनाऱ्याला लागलेल्या एका लहान मुलाच्या तोंडून ती बातमी प्रथम कळली असें सांगतात. लालबाग, परळ, गिरगांव या भागांतल्या आणि पेण-अलिबागकडच्या कित्येक घरांत त्या गटारीनंतर गटारीचें नांव कोणी घेतलें नाहीं.

या हकीकतींत एक गोष्ट सहज नजरेंतून निसटते. ‘रामदास’ बुडाली ती खडकानें तळ फाडला म्हणून नव्हे. ती उलटली. बुडणें आणि उलटणें या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि उतारूच्या जिवाच्या दृष्टीनें त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बुडणारें जहाज वेळ देतें. उलटणारें देत नाहीं.

जहाज उलटतें कसें, हें समजण्यासाठीं समुद्रावर जाण्याचें कारण नाहीं. खानदेशांतली कपाशीची गाडी पुरे आहे. वावरांतून निघालेली गाडी उतरणीवर एका चाकावर कलते, गाडीवान उडी मारून वरच्या बाजूला लोंबकळतो, आणि गाडी पुन्हां सरळ होते. बोजा घट्ट आवळलेला आणि बेतशीर उंचीचा असला तर गाडी बरेंच कलणें सहन करते. बोजा उंच रचला असला, किंवा दोर सुटून तो उताराकडे घसरला, कीं मग गाडीवानानें कितीही जोर केला तरी ती आडवी होते. जहाजाची गोष्ट याहून फार निराळी नाहीं. जहाज कललें म्हणजे त्याचा जो भाग पाण्यांत अधिक शिरतो त्याला पाणी वर लोटतें, आणि हा लोटच जहाजाला पुन्हां सरळ करतो. परंतु त्यासाठीं जहाजाचें वजन खालीं असावें लागतें आणि जागच्या जागीं रहावें लागतें. म्हणूनच जुने तांडेल रिकाम्या गलबताच्या तळाशीं दगडवाळूचें नीरम भरीत. आजचीं जहाजें त्याच कामासाठीं तळच्या टाक्यांत पाणी भरून घेतात. पंधरा-पंधरा मजल्यांच्या विहार-नौका पाहून पुष्कळांना त्या वाऱ्यानेंच पडतील असें वाटतें. तें भय बहुतांशीं अनाठायीं आहे. त्यांचीं यंत्रें, तेलाच्या आणि पाण्याच्या टाक्या तळाशीं असतात व वरचे मजले हलक्या बांधणीचे असतात.

आतां ‘रामदास’कडे पुन्हां वळलें तर सातशे माणसांचें वजन, माणशीं पन्नास किलो धरलें तरी, पस्तीस टन होतें. पस्तीस टनांचे दगड तळाशीं पसरून ठेवले तर ते बोटीला स्थिर ठेवतील. तेंच वजन वरच्या डेकवर उभें राहून इकडून तिकडे धांवूं लागलें तर तें बोटीचा वैरी होतें. माणूस हा जहाजावरचा असा एकच माल आहे कीं जो भीतीनें हलतो. आणि हलावयास नको नेमका त्याच क्षणीं हलतो.

माणसांखालोखाल चंचल वजन म्हणजे पाणी. बाहेरचें नव्हे, आंतलें. डोक्यावर भरली घागर घेऊन चालणारी बाई सहज चालते. तेंच पाणी परातींत घालून तिला चालावयास सांगितलें तर चार पावलांत परात एका कडेला झुकते, सारें पाणी त्या कडेला धांवतें आणि झुकलेली परात अधिकच झुकते. मोटारी वाहून नेणाऱ्या मोठ्या प्रवासी जहाजांचा मोटारींचा मजला हा असाच एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत आडभिंत नसलेली परात असतो. ता. ६ मार्च १९८७ रोजीं बेल्जममधील झेब्रुगे बंदरांतून ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ हें जहाज इंग्लंडला निघालें तें पुढचें दार उघडें ठेवूनच. दार लावण्याचें काम ज्याचें होतें तो आपल्या खोलींत झोंपला होता. दार लागलें आहे कीं नाहीं हें वर कप्तानाला दाखविणारा साधा दिवा बसविलेला नव्हता. वेग वाढतांच पाणी आंत शिरलें, परातींतल्यासारखें एका अंगाला धांवलें, आणि बंदराच्या तोंडाशींच, शांत समुद्रांत, जहाज दीड-दोन मिनिटांत आडवें झालें. १९३ माणसें गेलीं. असा दिवा बसवावा ही सूचना जहाजाच्या कप्तानांनीं पूर्वींच केली होती व ती वरिष्ठांनीं थट्टेवारी नेली होती, असें पुढें चौकशींत निघालें.

तिसरी गोष्ट मालाची. येथें दोष जवळजवळ नेहमींच लोभाचा असतो. इंग्लंडांत गेल्याच्या गेल्या शतकांत मालक जुनाट जहाजें अतोनात भरून पाठवीत आणि बुडालीं तर विम्याचे पैसे घेत. सॅम्युएल प्लिमसोल नांवाच्या पार्लमेंटच्या सभासदानें त्याविरुद्ध एवढा गहजब केला कीं १८७६ सालीं जहाजाच्या अंगावर भाराची रेघ ओढण्याचा कायदा झाला. ती रेघ पाण्याखालीं जातां कामा नये. आजही प्रत्येक व्यापारी जहाजाच्या कुशीवर ती दिसते. परंतु रेघ फक्त एकंदर भार सांगते. तो भार वर आहे कीं खालीं, बांधलेला आहे कीं मोकळा, हें ती सांगत नाहीं. कोरियांतल्या ‘सेवोल’ जहाजावर ता. १६ एप्रिल २०१४ रोजीं हेंच घडलें. माल मर्यादेबाहेर भरला होता. तो लपावा म्हणून तळच्या टाक्यांतलें पाणी कमी केलें होतें, म्हणजे रेघ पाण्यावर राहिली आणि नीरम गेलें. वळण घेतांना नीट न बांधलेला माल घसरला आणि जहाज कललें. त्यावर सहलीला निघालेले एका विद्यालयाचे विद्यार्थी होते. ‘जागेवरून हलूं नका’ असें ध्वनिक्षेपकावरून त्यांना वारंवार सांगण्यांत आलें. मुलें आज्ञाधारक होतीं. तीं बसून राहिलीं. कप्तान व त्याचे सोबती मात्र आधींच्या होड्यांतून निघून गेले. मृतांची संख्या ३०४, त्यांत २५० विद्यार्थी. ज्यांच्या घरांत शाळेंत जाणारें मूल आहे त्यांनीं ही गोष्ट एकदां तरी वाचावी.

येथें कोणी विचारील कीं, मग हलावें कीं न हलावें ? ‘रामदास’वर हललेले बुडाले आणि ‘सेवोल’वर न हललेले बुडाले. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर जहाजाच्या आकारांत आहे. लहान बोटींत माणसांचें वजन हा बोटीच्या तोलाचा मोठा हिस्सा असतो. तेथें उभें न राहणें व एका कडेला न धांवणें हेंच रक्षण. मोठ्या जहाजावर चार हजार माणसें इकडची तिकडे गेलीं तरी जहाजाला त्याची फारशी दाद नसते. तेथें धोका असतो तो वेळ फुकट जाण्याचा. जहाज कलण्यापूर्वीं उघड्या डेकवर, होडीच्या ठिकाणाशीं पोहोंचणें हें तेथलें रक्षण. कललेल्या जहाजाच्या अरुंद वाटा म्हणजे उभ्या विहिरी होतात, आणि त्यांतून वर येणें धट्ट्याकट्ट्यालाही साधत नाहीं.

वेळ कसा जातो याचें उदाहरण ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ या इटालियन विहार-नौकेचें. ता. १३ जानेवारी २०१२ च्या रात्रीं जिल्यो बेटाच्या फार जवळून नेण्याच्या हौसेपायीं कप्तानानें ती खडकावर घातली. कुशीला पन्नास मीटरांहून लांब चीर पडली, यंत्रघर पाण्यानें भरलें, वीज गेली. जहाजावर ४,२२९ माणसें होतीं. त्यांना सांगण्यांत आलें कीं विजेचा बिघाड आहे, काळजी नको. जहाज सोडण्याचा हुकूम निघाला तो तासाभराहून अधिक वेळानें. तोंवर जहाज इतकें कललें कीं उंच बाजूच्या कित्येक होड्या खालीं सोडतां येईनात. त्या जहाजाच्याच अंगावर घांसूं लागल्या. ३२ जण दगावले. वाऱ्यानें जहाज किनाऱ्याकडे ढकलून उथळ पाण्यांत टेकविलें नसतें तर हा आंकडा कोठें गेला असता हें सांगावयास नको. त्याच संध्याकाळीं चिविताव्हेकिया बंदरांत चढलेल्या उतारूंना संकटकाळीं कोठें जमावयाचें याची कवाईत अजून दाखविलेलीच नव्हती. ती चोवीस तासांत केव्हांही घेतली तरी चाले. या अपघातानंतर नियम बदलला, आणि २०१५ पासून लांबच्या प्रवासाच्या जहाजांवर ही कवाईत बंदर सोडण्यापूर्वीं किंवा सोडतांच घ्यावी लागते.

समुद्रावरचे नियम असेच, एकेका स्मशानानंतर एकेक, झालेले आहेत. ‘टायटॅनिक’वर २,२०० च्या सुमारास माणसें आणि होड्यांत जागा ११७८ जणांची. तरीही त्या काळच्या ब्रिटिश कायद्याला लागत होत्या त्यापेक्षां तिच्यावर होड्या अधिकच होत्या, हें ऐकून आज नवल वाटतें. बुडावयास तिनें पावणेतीन तासांच्या जवळपास वेळ घेतला; तरी पहिली होडी सुटली ती पासष्टांच्या जागीं अठ्ठावीस माणसें घेऊन, कारण उबदार जहाज सोडून काळोखांतल्या होडींत बसावयास लोक तयार होईनात. १९१२ च्या त्या आपत्तींतून १९१४ चा पहिला आंतरराष्ट्रीय करार निघाला. पुढें १९३४ सालीं ‘मॉरो कॅसल’ हें सुखसोयींनीं सजविलेलें जहाज न्यूयॉर्कच्या वाटेवर जळून १३७ जण गेले, आणि लांकडी शोभेच्या भिंतींऐवजीं न जळणाऱ्या भिंती, आपोआप मिटणारीं दारें असे नियम आले. आज प्रवासी जहाजाच्या होड्या जहाज वीस अंश कललें तरी सुटल्या पाहिजेत आणि हुकूम झाल्यापासून अर्ध्या तासांत सर्व उतारूंसह पाण्यांत उतरल्या पाहिजेत, अशी अट आहे. अट चांगली आहे. ती पाळली जाण्यास हुकूम वेळेवर व्हावा लागतो एवढेंच.

परंतु खानदेशच्या कुटुंबाचा संबंध अशा अवाढव्य जहाजांपेक्षां लहान बोटींशींच अधिक येणार, आणि त्यांचें दुखणें ‘रामदास’पासून फारसें पालटलेलें नाहीं. त्यासाठीं समुद्रापर्यंतही जावें लागत नाहीं. १९९८ पर्यंत धुळें जिल्ह्यांतच असलेल्या, आतां नंदुरबारांत गेलेल्या धडगांव तालुक्यांत भुषा येथें ता. १५ जानेवारी २०१९ रोजीं, मकरसंक्रांतीच्या सणाला, नर्मदेच्या फुगवट्यांत बोट उलटून सहा जणांना जलसमाधि मिळाली. बोटींत माणसें अतोनात चढलीं होतीं. तेथें ना वादळ होतें ना खडक.

मुंबई बंदरांत ता. १८ डिसेंबर २०२४ रोजीं गेटवेहून घारापुरीस निघालेल्या ‘नीलकमल’ या बोटीला नौदलाची वेगवान बोट येऊन धडकली. ती बोट इंजिनाची चांचणी घेत होती आणि तिच्यावरचा ताबा सुटला. या अपघाताचें मूळ उतारूंच्या हातीं नव्हतें, हें खरें. तरीही दोन गोष्टी बोलण्याजोग्या आहेत. बोटीचा परवाना ८४ उतारू आणि ६ खलाशी यांचा. प्रत्यक्षांत शंभराहून अधिक माणसें होतीं. आणि बहुतेकांच्या अंगावर जीवरक्षक जाकीट नव्हतें. आसपासच्या बोटी, नौदल आणि तटरक्षक दल यांनीं धांव घेतली, म्हणून शंभराच्या आसपास वांचले. पंधरा दगावले, त्यांत लहान मुलेंही होतीं. उन्हाळी सहलीच्या फोटोंत जाकीट बरें दिसत नाहीं, अंगाला घाम येतो, तास-पाऊण तासाचाच तर प्रवास आहे, या सबबी तोंवर सर्रास चालत. त्या अपघातानंतर गेटवेच्या बोटींवर जाकिटाची सक्ती झाली.

जाकीट अंगावर घालणें म्हणजे नुसतें खांद्यावर टाकणें नव्हे. ढिलें जाकीट पाण्यांत वर सरकून तोंडाशीं येतें आणि माणूस त्यांतून खालीं निसटतो. म्हणून पट्टे आवळून, खांद्याशीं धरून कोणी वर ओढलें तरी तें हनुवटीपर्यंत येत नाहीं ना, हें पहावें. मोठ्या माणसाचें जाकीट मुलाला घालणें जवळजवळ न घातल्यासारखेंच. मुलांसाठीं लहान मापाचें मागावें, आणि तें नाहीं असें उत्तर आलें तर पुढची बोट पकडावी. बोटीवर किती माणसांचा परवाना आहे तो आंकडा लिहिलेला असतो. चढण्यापूर्वीं तो वाचावयास अर्धें मिनिट लागतें, आणि आंतली डोकीं मोजावयास फार तर दोन. आंकडा उलटलेला दिसला तर उतरावें. तांडेल रागावेल, मागचे लोक हंसतील. पावसाळ्यांत गेटवेवरून मांडव्याला जाणाऱ्या लहान बोटी बंद ठेवतात. त्या काळांत कोणी ‘आज समुद्र शांत आहे’ म्हणून खाजगी बोटीनें पलीकडे पोहोंचविण्याचें आमिष दाखविलें तर त्याला ‘रामदास’ची तारीख आठवून नाहीं म्हणावें.

विहार-नौकेवर गेलेल्यांनीं खोलींत सामान टाकतांच दाराच्या आंतल्या बाजूस लावलेला नकाशा पहावा, आणि आपल्या जमण्याच्या ठिकाणापर्यंत एकदां चालत जाऊन यावें. उद्वाहकानें नव्हे, जिन्यानें. कारण वीज गेली म्हणजे उद्वाहक नसतो. जातांना जिन्याचीं वळणें मोजून ठेवलीं तर काळोखांत तीं हातांना आठवतात. भोंग्याचे सात आंखूड आवाज आणि लगेच एक लांब आवाज ही सर्व देशांच्या जहाजांवरची धोक्याची खूण आहे. ती ऐकूं आली म्हणजे सामान, दागिने, मोबाइलचा चार्जर यांच्यामागें न लागतां गरम कपडे, रोजचें औषध आणि जाकीट घेऊन निघावें. कवाईतीच्या वेळीं पुष्कळ उतारू हातांत चहाचा पेला घेऊन गप्पा मारीत उभे असतात, आणि खलाशी बिचारा एकटाच पट्टे कसे बांधावे हें दाखवीत असतो. त्या दहा मिनिटांत म्हाताऱ्यांचे पट्टे कोण बांधील, लहान मुलाला कोण उचलील आणि कुटुंबांतलीं माणसें वेगळीं पडलीं तर कोणत्या होडीच्या क्रमांकाशीं भेटतील, एवढें घरच्या घरीं ठरवून घ्यावें.